काळूरामचं बुडणं

जगदीशच्या आजोबांचं, काळूरामचं, तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी चाललं होतं. गावाच्या लेखी तो बेचाळीसच्या पावसाळ्यात उल्हास नदीत बुडून मेला. घरच्यांच्या लेखी तो पितळेच्या पत्र्यावर घोड्यावर बसलेला देव झाला. आणि सरकारच्या लेखी तो अजून जिवंत होता. आवळशेतच्या नदीकाठी एक खडकाळ तुकडा होता, त्याच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव ठणठणीत उभं होतं. वय एकशे पंधराच्या घरात असलं तरी त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

ही तिसरी गोष्ट जगदीशला निवृत्त झाल्यावर कळली. तोवर त्याला सातबारा बघायला वेळ नव्हता. तो वायरमन होता. कर्जत तालुक्यात ज्यांच्या घरी वीज आहे त्यांतल्या निम्म्यांनी त्याला खांबावर चढलेला पाहिलेला आणि उरलेल्यांनी त्याला फोनवर शिव्या दिलेल्या. सगळी नोकरी त्याने घाटाच्या पायथ्याशी तारांमागे चालण्यात घालवली. या चालण्यातून त्याचे दोन सिद्धांत तयार झाले होते आणि ते तो लग्नाच्या पंगतीतही सांगे. पहिला, फॉल्ट शोधायचा तर डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, निघायचं नाही, शेवटच्या गिऱ्हाइकापासून उलटं यायचं. दुसरा, लोक दहा खांब पलीकडे बोट दाखवतात, पण निम्म्या वेळा फॉल्ट घरातच असतो.

वारसनोंद करायची तर मृत्यूचा दाखला पाहिजे, असं त्याला सांगण्यात आलं. दाखला नसेल तर घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल. घरातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे चंद्रभागाआत्या. काळूरामची थोरली लेक, पंच्याऐंशी ओलांडलेली. नवरा गेल्यापासून ती माहेरीच, जगदीशच्या मागच्या खोलीत असे. जगदीशने कागद टाइप करून आणला, शाईचा पॅड आणला आणि आत्यापुढे ठेवला.

"ह्यात काय लिवलंय?"

"आजोबा बेचाळीस साली पुरात वारले, असं."

"तू पाह्यलंस?"

"आत्या, माझा जन्म बासष्टचा."

"मंग लिवलंस कसं?"

"सगळा गाव म्हणतो."

"गाव तर म्हनायचा, जग्या खांबावर झोपा काढतो."

स्वयंपाकघरात भाग्यश्री हसली. बायको या नात्याने ती या विषयात गावाच्या बाजूची होती.

"आत्या, नुसता अंगठा द्यायचाय," जगदीश म्हणाला.

"नाय देनार. माझा बाप कुठं पडला ते शोध. जागा दाव. मंग अंगठा काय, दाही बोटं लावते." तिने पॅडचं झाकण लावून टाकलं. "माझे दिवस भरत आले, रं. वर गेल्यावर भेटला अन् म्हनला, कुठं शोधलंस गं मला, तर काय सांगू?"

"आत्या," भाग्यश्री दारात येऊन म्हणाली, "आपण बौद्ध. आपल्यात वर जाऊन कुणी भेटत नसतं."

"नसतं तर नसतं. पन भेटलाच तर?"

आत्याने उशाचा मशेरीचा डबा ओढला, दात नसलेल्या हिरड्यांना मशेरी लावली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या डब्यात मशेरीच्या खाली एका चिंधीत काळूराम होता. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. त्यावर बोलायचं नाही, हेही माहीत होतं.

न बोलण्यामागे इतिहास होता. जुन्या काळी मरणाचा सांगावा पाव्हण्यांच्या गावी नेणं हे गावकीचं काम, आणि गावकी म्हारवाड्याच्या माथी. बेचाळीसच्या श्रावणात ती पाळी काळूरामची होती. आवळशेतच्या एका मोठ्या घरची म्हातारी गेली. तिची लेक खालापूरकडे दिलेली. काळूराम घोंगडी पांघरून, घुंगरांची काठी घेऊन पावसात निघाला आणि परत आला नाही. तिसऱ्या दिवशी नदी ओलांडायच्या उताराच्या खाली उंबराच्या मुळ्यांत घोंगडी सापडली, शेजारी काठी. ज्याने साऱ्या मुलखाच्या मरणाचे सांगावे पोचवले त्याच्या मरणाचा सांगावा एका घोंगडीने दिला आणि तिची कोणी उलटतपासणी केली नाही.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. घरातला कर्ता पुरुष अवेळी गेला की त्याचा वीर करून देव्हाऱ्यात बसवायचा, म्हणून कर्जतच्या सोनाराकडून पितळेचा टाक उठवून आणला. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर घोडेस्वार, हातात तलवार. काळूराम जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण सोनाराकडे साचा एकच होता. बायको तानू तेव्हा पोटुशी होती. सुदाम, जगदीशचा बाप, जन्मला, बाळंतीण उठली आणि माघात तिचा धाकट्या दिराशी, धर्माशी, पाट लावला. घाई झाली असं आज वाटेल. पण गावकीच्या पाळीला घरातून माणूस लागायचा, आणि पाळी कुणाच्या दुःखासाठी थांबत नसे. त्यानंतर दर शिमग्याला वाड्यातले वीर ढोलावर नाचवत नदीपर्यंत नेत, त्यात काळूरामही असे. त्याची थाळी घेऊन नाचायचा मान त्याच्या मुलाचा, सुदामचा.

मग छप्पन्न साल आलं. वाड्याने धर्म बदलला. घरोघरचे देव टोपल्यांत भरून नदीत सोडले गेले. तानूनेही सोडले. पण एक टाक तिने टोपलीतून काढून घेतला, तो शेवटपर्यंत दिला नाही. सुदाम पुढे मास्तर झाला, बुद्धविहार कमिटीचा सेक्रेटरी झाला, आणि सेक्रेटरीच्याच घरात देव आहे हा टोमणा त्याने जन्मभर ऐकला. त्याने आईला विनवलं, दरडावलं, एकदा तर डबा उचलून नदीची वाटही धरली. तानू एवढंच म्हणायची, "त्यो बुडवायचा देव न्हाय." आई अर्धवट बौद्ध राहिली हे शल्य घेऊन सुदाम गुरुजी गेले. तानू त्यांच्या आधीच गेली होती, आणि डबा चंद्रभागेकडे आला होता.

आत्याच्या अटीचा जगदीशने दोन दिवस राग धरला. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्याकडे कामासारखं पाहिलं. लाईन तुटलीय, कुठे ते माहीत नाही. मग शेवटच्या गिऱ्हाइकापासून उलटं यायचं. इथे शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना सांगावा द्यायचा होता ते.

मोठ्या घरची लेक खालापूरच्या अलीकडे कुठल्या गावी दिली होती हे आवळशेतला अजून माहीत होतं. अशा गोष्टी गाव विसरत नाही. जगदीश स्कूटरवरून तिथे पोचला. त्या लेकीचा नातू आता स्वतःच सत्तरीचा होता आणि ओटीवर बसून टीव्हीवर हवामान बघत होता. जगदीशने नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्या इरल्याच्या घरचे?" म्हातारा म्हणाला.

"कसलं इरलं?"

"आमची आजी मरेपर्यंत सांगायची. आईच्या मरणाचा सांगावा घेऊन माणूस आला तो आईपेक्षा मेलेला दिसत होता म्हणे. अंगावर घोंगडी नाही, हातात काठी नाही. नदीनं ओढून घेतली म्हणाला. अंगणातूनच सांगावा दिला. आजीने भाकर दिली आणि घरातलं बांबू-पानांचं इरलं अंगणात ठेवलं, त्यानं ते उचललं." म्हाताऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "नवं होतं. परत द्यायच्या बोलीवर दिलेलं."

"मग?"

"आलं नाही परत."

ऐंशी वर्षं झाली होती, पण म्हाताऱ्याच्या बोलण्यात तक्रार ताजी होती. जगदीश म्हणाला, बघतो. वायरमनच्या तोंडात तो शब्द सवयीने असतो.

परत येताना तो एका टपरीवर थांबला आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिला. घोंगडी जाताना गेली होती. म्हणजे गाव ज्या घोंगडीवरून रडलं ती सापडायच्या आधीच काळूराम नदी पार करून खालापूरकडे भाकर खात होता. फॉल्ट नदीत नव्हताच. फॉल्ट परतीच्या वाटेवर होता.

परतीला नदी आणखी चढलेली असणार. अशा वेळी अडकलेला माणूस काय करतो ते जगदीशला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. दोन हजार पाचच्या पुरात तो स्वतः अडकला होता. माणूस वर सरकतो. नदी जिथे ओढ्याएवढी होते तिथवर घाटाच्या कडेकडेने जायचं आणि उतरायचं. त्या वाटेवर ठाकुरवाडीचा रेल्वेचा थांबा आहे, आणि थांब्याच्या वर जंगलात ठाकरांची वाडी. त्या वाडीत वीज आणली ती जगदीशनेच.

वाडीत पोशा होता. ऐंशीचा, हाडाने काटक, डोळे मोतीबिंदूने धुरकटलेले. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि पोशा त्यावरून कोंबड्या हाकत बसला होता. जगदीशला त्याने आवाजावरून ओळखलं.

"वायरमन! लाईट तं हाय की रं आमची. मंग कशाला आलास?"

"असाच आलो, पोशाबाबा."

"लाईट असताना वायरमन यायाची ही पयलीच येळ. बस. च्या टाकतील."

जगदीश बसला. कसं विचारावं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, पण ते आता आठवेना. "पोशाबाबा, फार पूर्वी खालचा कोणी माणूस इथे येऊन राहिला होता का? आमच्यातला. पावसाळ्यात आलेला."

"इरलं घालून आलेला?"

जगदीशने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आमी त्याला सांगाव्या म्हनायचो," पोशा म्हणाला. "माजा जलम नव्हता तवा, मी ऐकलेलं सांगतो. दरडीवरनं घसरला, तंगडी मोडली, ओढ्यात पडलेला. माज्या आज्यानं उचलून आनला. बांबूच्या कामट्या बांधून तंगडी जुळवली, पन वाकडीच राहिली. तापानं फनफनलेला. सांगावा द्यायचाय, सांगावा द्यायचाय, येवढंच बडबडायचा. म्हनून सांगाव्या."

"मग त्याच्या घरी कुणी कळवलं नाही?"

"पावसाचं कोन खाली जाईल? अन् सांगावे न्यायचं काम ज्याचं, त्योच पडलेला." पोशाने एका कोंबडीला खडा मारला. "आज्याच्या म्हातारीनं पयल्या साली त्याचं पान वेगळं मांडलं. खालचे मांडतात तसं. मंग तिला कटाळा आला."

काळूराम चालायला लागला तो होळीच्या सुमारास. खाली गेला आणि दोन दिवसांत परत आला. काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, इथंच राहतो. वाडीच्या टोकाला झोपडी बांधली. थांब्यावरून मीठ-तेल आणायचं, वाडीचे निरोप खाली न्यायचे आणि खालचे वर आणायचे, एवढं काम त्याने धरलं. लग्न केलं नाही.

"पन शिमग्याला जायचा," पोशा म्हणाला. "दरसाल. गावात नाय. नदीच्या अल्याड सागाच्या रानात बसायचा अन् पल्याडचे वीर बघायचा. एका साली मला बी नेला, मी ल्हान होतो. ढोल वाजत होता, पोरं नाचत होती. मला म्हनला, पोशा, त्यो बारका पोऱ्या थाळी घेऊन नाचतो ना, त्या थाळीत मी हाय. मी लई हसलो. मला वाटलं, म्हातारा टाकून आलाय."

तो बारका पोऱ्या म्हणजे सुदाम गुरुजी. जगदीशने वडिलांना नाचताना कधी पाहिलं नव्हतं, ते नाचू शकतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मनात आलं, बापाने मुलाला पाहिलं तेवढं सगळं नदीपलीकडून, आणि मुलाच्या हातात त्या वेळी बापच होता.

"मंग एका साली गेला तं ढोल नाय, वीर नाय, कायच नाय. समदं गप. गुरं चारनाऱ्या कुनाला इचारलं. त्यो म्हनला, म्हारवाड्यानं धरम बदलला, देव समदे नदीत टाकले. वर आला अन् म्हनला, पोशा, आमच्या लोकांनी लई चांगलं केलं. देव बुडवले." पोशा थांबला. "दोनदा म्हनला, लई चांगलं केलं. मंग म्हनला, त्यात मी बी होतो. अन् हसला. जेवला नाय त्या दिशी. परत खाली कवा गेला नाय."

"आणि वारले कधी?"

"कोयनेचा भूकंप झाला बघ, त्याच्या फुडल्या सालची भातकापनी. सकाळी उठला नाय. आमी त्याला पुरला, वर दगड ठेवला. तुला ठावं हाय की जागा. त्याच्यापायीच तं तू खांब सरकवलास."

जगदीशला आठवलं. वाडीतला शेवटचा खांब. नकाशात खूण होती तिथे खड्डा घ्यायला लागले तेव्हा हा पोशा आडवा आला होता. इथं बाबा हाय, खांब सरकव. जगदीश म्हणाला होता, एक दगड आहे, तोच सरकवा की. पोशा हलला नाही. शेवटी कंटाळून जगदीशने खांब दोन हात अलीकडे घेतला होता आणि साहेबाला सांगितलं होतं, खाली कातळ लागला.

तो उठून खांबापाशी गेला. दगड तसाच होता, बिनचेहऱ्याचा, गुडघाभर उंच, एका अंगाला शेवाळ वाळून काळं झालेलं. खांबाची सावली त्याच्यावर पडली होती. जगदीश बराच वेळ उभा राहिला. मग परत अंगणात येऊन म्हणाला, "पोशाबाबा, तो माझा आजा."

पोशाने धुरकट डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग तवाच नाय का सांगायचं? खांब आनिक लांब घेतला असता."

घरी येऊन जगदीशने आत्याला ओळीने सांगायला घेतलं. घोंगडी, इरलं, तंगडी, झोपडी. आत्या मशेरी न लावता ऐकत होती. काळूराम पहिल्या शिमग्याला खाली आला आणि लगेच परत गेला, हे आलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय. आला व्हता."

"तुला काय माहीत?"

"मी व्हते की. मी आयसंगं लाकडाला गेलेली रानात. सुदाम तिच्या पाठीला बांधलेला. झाडामागनं मानूस आला, लंगडत. आय वरडली नाय, नुसती खाली बसली. त्यो बी बसला. ती म्हनली, माझा पाट लागलाय, धर्मासंगं. त्यो काय बोलला नाय. सुदामला मांडीवर घेतला. मंग म्हनला, धर्मा चांगला हाय. अन् मला मूठभर मोहाची फुलं दिली, अन् गेला." आत्याने पदर सारखा केला. "वाटंत आय मला म्हनली, त्यो वीर व्हता, शिमग्यात वीर येतात, कुनाला सांगायचं नाय. मी ल्हान व्हते पन येडी नव्हते. वीर कशाला मोहाची फुलं देईल?"

भाग्यश्री हातातलं काम टाकून खाली बसली होती. "म्हणजे तानूआजीने तो टाक..."

"समद्यांनी देव टोपल्यात भरले, तवा आयनं त्यो काढून घेतला. मला म्हनली, जित्या मानसाला बुडवतात व्हय?"

सुदाम गुरुजींनी जिला जन्मभर अर्धवट बौद्ध मानलं तिने देव सगळेच बुडवले होते. फक्त नवरा ठेवला होता.

"आणि हे तू बाबांना सांगितलं नाहीस?" जगदीशचा आवाज चढला. "ते या एका गोष्टीसाठी आईशी जन्मभर धड बोलले नाहीत!"

"कसं सांगनार? पयला नवरा जिता म्हनल्यावर धर्माचा पाट काय ऱ्हायला? धर्माची पोरं काय ऱ्हायली? धर्मा व्हता तवर आयनं तोंड शिवलेलं. त्यो गेला, मंग ती बी गेली. मंग मी सांगनार व्हते सुदामला. पन त्यो कायम मीटिंगीत."

"आणि मला? मला खालापूरपासून फिरवलंस!"

"तू इचारलंस कवा? तू कागद म्होरं केलास." आत्याने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "परत आला ते मला ठावं व्हतं. मेला कुठं ते नाय. तेच शोधाया धाडलं की तुला."

भाग्यश्री नवऱ्याकडे बघून म्हणाली, "निम्म्या वेळा फॉल्ट कुठं असतो म्हणालात?"

जगदीशला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगू नये असं त्याला वाटायला लागलं होतं. पण आत्या वाट बघत होती. त्याने दरसालच्या शिमग्याचं सांगितलं. सागाचं रान, थाळी, बंद झालेला ढोल, त्यात मी बी होतो.

आत्या खूप वेळ डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिली.

"बुडवला असं समजला त्यो?"

"हो."

"आयनं बुडवला असं?"

"हो, आत्या."

"मंग त्याला सांगाया नको?" तिने डबा मांडीवर घेतला. "उद्या गाडी बघ."

गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते, पुढे पायवाट. वाडीत आजारी माणूस खाली आणायला बांबूची झोळी असते. धडधाकट माणूस झोळीतून वर न्यायची वाडीची ती पहिलीच वेळ. पोशाच्या घरचे दोघे गडी आत्याला खांद्यावर घेऊन चढले. आत्या झोळीतून सूचना देत होती, "हळू रं! मला पन हितंच पुरायचं हाय का?" आणि गडी हसून दम घालवत होते.

दगडापाशी ती उतरली. बौद्ध बाईने जे करायचं नाही ते तिने केलं नाही. कुंकू नाही, नारळ नाही, हात जोडले नाहीत. डब्यातून चिंधी काढली, टाक पदराने पुसला आणि दगडापासून चार हात लांब उभी राहिली. सांगावा आणणारा अंगणात उभा राहतो तेवढं अंतर. टाक तळहातावर धरून पुढे केला आणि मोठ्याने, घरातल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"आवळशेतचा सांगावा हाय. तानूनं तुला बुडवला नाय. डब्यात ठेवला व्हता. हा बघ." मग दम घेऊन, "धर्मा गेला. त्याच्यामागं तानू गेली, ऐंशी साली. सुदाम गेला, मास्तर झाला व्हता. मी चंद्री. मी हाय आजून."

एवढं सांगून ती गप्प झाली. सांगावा देऊन झाल्यावर आणणाऱ्याने आणखी काही बोलायचं नसतं.

पोशा अंगणातून पाण्याचा तांब्या आणि भाकर घेऊन आला. ही रीत त्याला ठाऊक होती की नुसतं पाव्हण्यांना भाकर द्यावी म्हणून त्याने दिली, ते जगदीशने विचारलं नाही. आत्याने भाकर पदरात बांधली. जाताना वाळवणातली दोन मोहाची फुलं उचलून तोंडात टाकली आणि हिरड्यांनी चघळत झोळीत बसली.

परतीच्या वाटेवर भाग्यश्री म्हणाली, "आत्या, आता तो टाक शोकेसमध्ये ठेवूया. आठवण म्हणून."

"देव म्हनून ठेवला नाय, अन् शोभेला ठेवतेस व्हय गं?" आत्या म्हणाली. "आता त्यो मेला. मेल्याला बुडवाया हरकत नाय."

आवळशेतच्या उतारावर गाडी थांबली. चैत्र तोंडावर होता, तरी उल्हास वाहत होती. वरच्या वीजघरातून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही तिला कोरडी पडू देत नाही. जगदीशने आयुष्यभर ज्या विजेमागे पळापळ केली तिचंच हे उरलेलं पाणी. तो पँट दुमडून आत शिरला, जुन्या उंबराच्या खालच्या डोहापर्यंत गेला. तो देव मानत नव्हता. त्याचा बापही मानत नव्हता. तरीही पितळेचा तो अंगठ्याएवढा पत्रा मुठीतून सुटायला वेळ लागला.

"गेला का?" आत्याने काठावरून विचारलं.

"गेला."

"नीट बघ. हा परत येनारा हाय."

जगदीशने वाकून नीट बघितलं. पाण्यात पाणीच होतं. ऐंशी वर्षांपूर्वी गावाने जे सांगितलं ते आज खरं झालं होतं. काळूराम उल्हास नदीत बुडाला, घोंगडी सापडली होती त्याच जागी.

तो वर आला तेव्हा आत्या गाडीच्या दारात बसली होती, उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसत. "आन तुझा कागद."

जगदीशने खिशातून कागद काढला, वाचला आणि घडी घालून परत ठेवला. "हा नाही चालायचा, आत्या. ह्यात पूर लिहिलाय. नवा करून आणतो."

"बराबर लिव मंग. ठाकुरवाडीच्या वर, खांबाजवळ." ती थोडा वेळ नदीकडे बघत राहिली. "अन् त्या खालापूरवाल्यांचं इरलं ऱ्हायलंय ना रं द्यायचं?"

"हो."

"पोशाला सांग एक इनायला. पावसाच्या आदी देऊन ये."